भाव आला शून्य: केळीची पट्टी आणि सी प्रोग्रॅमची कमांड लाइन

रावेर तालुक्यातली केळी खरेदी करणारी एक पेढी. दिवसभर ट्रॅक्टर आणि ट्रक भुईकाट्यावर येतात, भरलेले आणि रिकामे वजन नोंदले जाते, आणि संध्याकाळी त्या नोंदींवरून प्रत्येक शेतकऱ्याची हिशेबपट्टी निघते. पट्टी काढायला उबुंटू असलेल्या संगणकावर सी भाषेत लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम आहे, आणि त्याचे नावही 'पट्टी'च. लिनक्सवर फाइलचे नाव देवनागरीत ठेवता येते, त्यामुळे मुनीम रोज संध्याकाळी टर्मिनलवर एवढेच टाइप करतात:

./पट्टी 1850 2 रावेर-आवक

पहिला आकडा क्विंटलचा भाव, दुसरा क्विंटलमागची कपात किलोत, आणि शेवटी भुईकाट्याच्या नोंदींची फाइल. एका संध्याकाळी सगळ्या पट्ट्या छापून बाहेर आल्या. गावे बरोबर, वजने बरोबर, आणि देय रकमेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शून्य. मुनीमांनी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला फोन लावला: "भाऊ, वजन तं बराबर आहे, पैसेच शून्य येऊन राहिले." पडद्यावर एकही चूक दाखवलेली नव्हती.

भाव कमांड लाइनवर देण्याची पद्धत मुळात योग्यच होती. केळीचा भाव रोज हलतो; रावेर-सावद्याकडे बऱ्हाणपूरच्या लिलावात आज काय निघाले यावर सगळ्यांचे लक्ष असते. रोज बदलणारा आकडा कोडमध्ये हॅश-डिफाइनने कायमचा लिहून ठेवला तर रोज कंपाइल करावे लागते. प्रोग्रॅमने मध्येच थांबून स्कॅनएफ या वाचणाऱ्या फंक्शनने विचारला, तर तोच प्रोग्रॅम दुसऱ्या स्क्रिप्टमधून चालवणे अडचणीचे होते. चूक पुढच्या पायरीवर होती: बाहेरून आलेला मजकूर न तपासता थेट हिशेबात घेतला जात होता.

मेनच्या हातात नेमके काय पडते

मेन फंक्शनला दोन गोष्टी मिळतात. आर्गसी म्हणजे आर्ग्युमेंट किती आले याची संख्या, आणि आर्गव्ही म्हणजे त्या स्ट्रिंगकडे बोट दाखवणाऱ्या पॉइंटरची रांग. वरच्या कमांडमध्ये आर्गसी तीन नसून चार आहे, कारण आर्गव्ही[0] मध्ये प्रोग्रॅमचे स्वतःचे नाव येते. 1850 हे आर्गव्ही[1], 2 हे आर्गव्ही[2], फाइलचे नाव आर्गव्ही[3]. आर्गव्ही[4] नल (कुठेही बोट न दाखवणारा पॉइंटर) असतो, आणि तो नल असेल अशी हमी सीचे स्टँडर्ड देते.

आर्गव्ही[0] कायम असतोच, असे मात्र स्टँडर्ड म्हणत नाही. आर्गसी शून्यही असू शकतो. जानेवारी २०२२ मध्ये लिनक्सच्या पीकेएक्झेक या प्रोग्रॅममधली जी गंभीर त्रुटी उघड झाली, तिचे मूळ इथेच होते: आर्गसी शून्य असताना आर्गव्ही[1] वाचला गेला आणि तिथे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला मिळणारी वेगळी सेटिंग) सापडले. म्हणून आर्गसी तपासल्याशिवाय आर्गव्हीच्या कुठल्याही घराला हात लावू नये.

आर्ग्युमेंटचे तुकडे सी पाडत नाही, टर्मिनलवरची कमांड वाचणारा शेल पाडतो. मुनीमांनी फाइलला 'फैजपूर आवक' असे मधे जागा सोडून नाव दिले आणि अवतरणचिन्हे दिली नाहीत, तर शेल त्याचे दोन आर्ग्युमेंट करतो आणि प्रोग्रॅम 'फैजपूर' नावाची फाइल शोधत बसतो. अवतरणात दिले तर शेल अवतरणे काढून टाकून एकच स्ट्रिंग पुढे पाठवतो. प्रोग्रॅमला या कापाकापीचा पत्ता लागत नाही. त्याला तयार तुकडे मिळतात, आणि प्रत्येक तुकडा म्हणजे बाइटची एक रांग, शेवटी शून्य बाइट. 1850 हाही तेव्हा आकडा नसतो, चार अक्षरे असतात.

शून्य कुठून आले

पहिल्या आवृत्तीत भाव असा घेतला होता: आर्गव्ही[1] एटोआय या फंक्शनला द्यायचा, मिळालेला इंट (साधा पूर्णांक) भाव म्हणून वापरायचा. त्या संध्याकाळची कमांड शेलच्या इतिहासात तशीच मिळाली:

./पट्टी १८५० २ रावेर-आवक

फाइलचे नाव देवनागरीत टाइप करायचे म्हणून कीबोर्ड मराठीवर घेतलेला होता, आणि इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीवर त्याच ओघात आकडेही देवनागरी उमटले. डोळ्यांना यात काहीच वावगे दिसत नाही. एटोआयला मात्र 0 ते 9 हे आस्की या मूळ इंग्रजी अक्षरसंचाचे दहा अंकच कळतात. यूटीएफ-८ या अक्षरे बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक अंक तीन बाइटचा असतो, म्हणजे '१८५०' ही बारा बाइटची स्ट्रिंग. पहिलाच बाइट २२४. तो अंक नाही म्हणून एटोआय तिथेच थांबले आणि शून्य परत दिले. कपातीचेही तेच झाले.

शून्य हे उत्तर 'शून्य लिहिले होते' म्हणून आले की 'काहीच कळले नाही' म्हणून, हे सांगायची सोयच एटोआयकडे नाही. पैशाच्या हिशेबात या फंक्शनला जागा नसावी, हे आमचे ठाम मत आहे. त्याचा याहून वाईट नमुना स्वल्पविरामाचा. '1,850' दिले तर एटोआय 1 देते, कारण ते स्वल्पविरामाशी थांबते. शून्य रकमेची पट्टी निदान कोणाच्याही नजरेस पडते. क्विंटलला एक रुपया भावाने निघालेली पट्टी गर्दीच्या संध्याकाळी पाकिटात जाऊन शेतकऱ्याच्या घरी पोचू शकते.

बदल केला तो स्ट्रटोएलएल या फंक्शनचा. ते लाँग लाँग (मोठा पूर्णांक) देतेच, शिवाय 'मी कुठपर्यंत वाचले' हा पॉइंटरही हातात ठेवते. त्यावर चार गोष्टी पाहायच्या, आणि चारही पाहायच्याच. थांबण्याचा पॉइंटर सुरुवातीलाच असेल तर एकही अंक मिळाला नाही. तो स्ट्रिंगच्या शेवटी नसेल तर मागे कचरा उरला आहे: स्वल्पविराम, 'रु', काहीही. कॉल करण्याआधी एररनो (कोणती चूक झाली ते सांगणारा आकडा) शून्य करून ठेवायचा आणि नंतर तो ईरेंज (मर्यादेबाहेर) झाला का पाहायचे. झाला असेल तर आकडा मावला नाही. आणि शेवटी आलेली किंमत पेढीने ठरवलेल्या मर्यादेत आहे का. इथे पेढीने भावासाठी ३०० ते १०,००० ही चौकट ठरवली. त्यामुळे एक शून्य कमी पडून 185 किंवा एक जास्त होऊन 18500 झाले तरी प्रोग्रॅम थांबतो.

स्ट्रटोएलएलच्या तिसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये म्हणजे बेसच्या जागी 10 द्यायचे, 0 नव्हे. 0 दिला तर आरंभीच्या शून्यामुळे '0150' अष्टमान पद्धतीने वाचला जाऊन १०४ होतो. आणि 'भाव ऋण नसतोच' म्हणून अनसाइन्ड जातीचे स्ट्रटोयूएल घेण्याचा मोह टाळायचा. ते '-1' निमूट स्वीकारून प्रचंड मोठी संख्या परत करते.

देवनागरी आकडा नाकारायचा की समजून घ्यायचा

नाकारणे सोपे होते. पण मुनीम रोज मराठी कीबोर्डवर काम करतात, आणि १८५० लिहिणे ही त्यांची चूक मानणे बरोबर नाही. म्हणून स्ट्रटोएलएलच्या आधी एक छोटे फंक्शन ठेवले. यूटीएफ-८ मध्ये ० ते ९ या देवनागरी अंकांचे पहिले दोन बाइट कायम २२४ आणि १६५ असतात, आणि तिसरा १६६ ते १७५. ही तिकडी दिसली की तिसऱ्या बाइटमधून १६६ वजा करायचे, त्यात आस्की '0' मिळवायचे आणि तीन बाइटच्या जागी तो एक ठेवायचा. बाकीचे बाइट आहेत तसे पुढे.

हे काम आर्गव्हीच्या मूळ स्ट्रिंगवरच करता येते. आर्गव्हीतल्या स्ट्रिंग प्रोग्रॅमने बदलल्या तरी चालतात असे स्टँडर्ड सांगते, आणि तीनाचा एक होत असल्यामुळे लांबी घटतेच, वाढत नाही. वेगळी मेमरी लागत नाही.

पहिल्याच चाचणीत हे फंक्शन एकही अंक बदलत नव्हते. कारण सीमधला 'चार' (char) हा अक्षराचा प्रकार. नेहमीच्या इंटेल-एएमडी संगणकावर जीसीसी या कंपायलरचा 'चार' साइन्ड (ऋण किंमतही धरणारा) असतो, म्हणून २२४ हा बाइट त्यात उणे ३२ होऊन बसतो आणि २२४ शी तुलना कधीच खरी ठरत नाही. तुलनेआधी प्रत्येक बाइट अनसाइन्ड 'चार'मध्ये घ्यावा लागतो. देवनागरी मजकुरावर सीमध्ये काम करणाऱ्याने हे लक्षात ठेवावेच. इंग्रजी मजकुरावर ही चूक वर्षानुवर्षे लपून राहते.

रुपये, पैसे आणि उणे रक्कम

भावात पन्नास पैसे येऊ शकतात म्हणून फ्लोट घेण्याऐवजी सगळा हिशेब पैशांत, पूर्णांकात ठेवला. टिंबाआधीचा भाग रुपये, नंतरचे जास्तीत जास्त दोन अंक पैसे. '1850.5' म्हणजे पाच पैसे नव्हेत, पन्नास. एकच अंक असेल तर दहाने गुणायचे.

भाव पैशांत गेला आणि लगेच दुसरी अडचण उघडी पडली. पहिल्या आवृत्तीतला इंट ३२ बिटांचा, त्याची कमाल २,१४,७४,८३,६४७. भाव १,८५,००० पैसे, एका ट्रकचे निव्वळ वजन १५,२४० किलो. गुणाकार २,८१,९४,००,००० होतो आणि इंटमध्ये मावत नाही. साइन्ड इंट उतू गेल्यावर काय होईल हे भाषा सांगत नाही. चाचणीत संख्या गुंडाळली जाऊन १०० ने भागल्यावर उणे १,४७,५५६ रुपये ७२ पैसे आले. खरी रक्कम २,८१,९४० रुपये. या भावाला ११,६०८ किलोपर्यंतचे वजन बरोबर निघते, त्यापुढे बिघडते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या घेऊन चाचणी केली असती तर ही चूक कधीच दिसली नसती, मोठा ट्रक आला की दिसते. भाव, वजन आणि गुणाकार, तिन्ही लाँग लाँगमध्ये हवेत. नुसते उत्तर लाँग लाँगमध्ये ठेवून भागत नाही, कारण गुणाकार आधीच इंटमध्ये होऊन गेलेला असतो.

मुक्ताईनगरची फाइल

पहिल्या कोडमध्ये फाइलचे नाव 'चार' प्रकारच्या ३२ बाइटच्या एका ॲरेत स्ट्रकॉपी या फंक्शनने उतरवून घेतले होते. रावेर-आवक या नावाला देवनागरीची आठ चिन्हे आणि एक जोडरेघ, म्हणजे २५ बाइट, शेवटच्या शून्यासह २६. सावदा-आवकही तेवढेच, फैजपूर-आवक २९. सगळे बसले. मुक्ताईनगर-आवक या नावात काना, उकार आणि हलन्त वेगवेगळे मोजून तेरा चिन्हे होतात; प्रत्येकी तीन बाइट, जोडरेघ आणि शून्य धरून ४१. नऊ बाइट ॲरेबाहेर. प्रोग्रॅम कोसळला तर नशीब. शेजारच्या व्हेरिएबलवर ते बाइट पडून कपातीचा आकडा बदलला, तर चुकीच्या पट्ट्या शांतपणे छापल्या जातात. जीसीसीला ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या हद्दीबाहेर जाणे पकडणारी सोय) लावून कंपाइल केले आणि ही जागा लगेच सापडली.

ॲरे मोठा करणे हा यावरचा उपाय नाही. नाव उतरवून घेण्याची गरजच नव्हती. आर्गव्हीतल्या स्ट्रिंग प्रोग्रॅम संपेपर्यंत जागेवर असतात, म्हणून नुसता पॉइंटर ठेवायचा आणि तोच फाइल उघडणाऱ्या एफओपनला द्यायचा.

जागेवरून की नावावरून

जागेवर अवलंबून असलेल्या आर्ग्युमेंटचा आणखी एक धोका आहे. '2 1850' असा क्रम उलटला तर दोन रुपये भाव आणि १८५० किलो कपात. मर्यादा तपासल्यामुळे हे आता अडते, पण सगळ्याच अदलाबदली अशा अडणार नाहीत. त्यात पेढीला क्विंटलमागची भराईही (माल भरण्याची मजुरी) पट्टीत हवी होती, म्हणजे तिसरा आकडा. इथून पुढे नावानेच द्यायचे ठरले:

./पट्टी --भाव 1850 --कपात 2 --भराई 15 रावेर-आवक

हे ग्नू लायब्ररीतल्या गेटऑप्ट_लाँग या पर्याय वाचणाऱ्या फंक्शनने केले. एका अक्षराचा '-भ' असा पर्याय इथे चालत नाही, कारण गेटऑप्टचा छोटा पर्याय एका बाइटचा असतो; 'भ' तीन बाइटचा, म्हणून तीन अनोळखी पर्याय आल्याची तक्रार येते. लांब पर्यायांची तुलना बाइटच्या रांगेनेच होते, त्यामुळे '--भाव' बिनतक्रार चालतो. पर्यायांच्या तक्त्यात प्रत्येक ओळीला परत करायचा एक पूर्णांक लागतो, तो १००० पासून पुढे दिला, म्हणजे कुठल्याही अक्षराच्या किमतीशी गाठ पडत नाही. तक्त्याची शेवटची ओळ सगळी शून्यांची हवी. ती विसरली तर फंक्शन तक्त्याच्या पलीकडची मेमरी वाचू लागते. छोट्या पर्यायांच्या स्ट्रिंगमध्ये फक्त अपूर्णविराम ठेवला: त्यामुळे लायब्ररीचे इंग्रजी संदेश बंद होतात, आणि किंमत न दिलेला पर्याय वेगळा ओळखता येऊन मराठीत सांगता येते.

गेटऑप्ट_लाँग अर्धवट नावही स्वीकारते. '--भा' लिहिले तरी भाव समजतो. '--भ' लिहिले तर भाव की भराई हे ठरत नाही म्हणून चूक येते. स्क्रिप्टमध्ये नेहमी पूर्ण नाव लिहावे, कारण उद्या नवा पर्याय वाढला की आजचे आखूड नाव संदिग्ध होते.

भावाला कोडमध्ये गृहीत किंमत ठेवलेली नाही. कपात किंवा भराई दिली नाही तर ती शून्य धरलेली चालेल. भाव दिला नाही तर प्रोग्रॅमने थांबलेच पाहिजे, कालचा भाव धरता कामा नये. एकच पर्याय दोनदा आला तर बहुतेक प्रोग्रॅम शेवटचा धरतात. इथे भाव दोनदा आला तर नाकारला जातो. पर्याय संपल्यावर ऑप्टइंड (पुढच्या आर्ग्युमेंटचा क्रमांक) पाहून फाइलचे नाव उरले आहे का हे तपासायचे, मगच फाइल उघडायची.

स्क्रिप्टमधली अवतरणे

मुनीमांना रोज इतके टाइप करायला नको म्हणून दोन ओळींची स्क्रिप्ट केली. तिच्या पहिल्या मसुद्यात असे होते:

./पट्टी --भाव $1 $2 | ./छपाई

यात $1 म्हणजे स्क्रिप्टला दिलेला भाव, $2 म्हणजे फाइल. दोष दोन. $1 रिकामा राहिला तर अवतरणे नसल्यामुळे शेल तो आर्ग्युमेंट गाळूनच टाकतो, आणि '--भाव' पुढची फाइलच भाव म्हणून उचलतो. एटोआय असते तर पुन्हा शून्य. दुसरे म्हणजे पाइप, एका प्रोग्रॅमचे आउटपुट दुसऱ्याला देणारे '|' हे चिन्ह. दोन्ही प्रोग्रॅम एकाच वेळी सुरू होतात, आणि ओळीचा निकाल शेवटच्या प्रोग्रॅमवरून ठरतो. पट्टी चुकून थांबली तरी तोवर आलेले छपाईला गेलेले असते. सुधारलेली ओळ अशी:

./पट्टी --भाव "$1" "$2" > आजची-पट्टी && ./छपाई आजची-पट्टी

आता रिकामा भाव रिकाम्या स्ट्रिंगच्या रूपात पोचतो आणि 'एकही अंक नाही' या तपासणीत अडकतो. && मुळे छपाई तेव्हाच सुरू होते जेव्हा पट्टीने शून्य हा निकाल परत दिलेला असतो. त्यासाठी प्रोग्रॅमनेही खरे बोलले पाहिजे. पहिल्या आवृत्तीत चुकीच्या वाटेवरही मेन नुसते शेवटपर्यंत जात होते, आणि सी९९ पासून मेनचा शेवट गाठला की शून्यच परत जाते. आता आर्ग्युमेंट चुकले तर २, फाइल उघडली नाही तर १. सगळे चूक-संदेश एसटीडीइआरआर या वेगळ्या वाटेने जातात, नाहीतर ते पडद्याऐवजी आजची-पट्टी या फाइलमध्ये जाऊन बसतात. संदेशात काय आले आणि काय हवे ते दोन्ही असते: 'भाव "1,850" समजला नाही, स्वल्पविराम न देता लिहा, उदा. 1850 किंवा १८५०'. प्रत्येक पट्टीच्या डोक्यावर प्रोग्रॅमला कळलेला भाव, कपात आणि भराई छापली जाते, म्हणजे मुनीमांची नजर पहिल्याच कागदावर पडते.

विंडोजवर हाच प्रोग्रॅम नेला तर साध्या मेनला आर्ग्युमेंट सिस्टीमच्या जुन्या कोडपेजमधून (अक्षरांच्या तक्त्यातून) मिळतात. देवनागरीला तसे कोडपेजच नाही, त्यामुळे 'रावेर-आवक'च्या जागी प्रश्नचिन्हे येतात आणि फाइल उघडत नाही. तिथे डब्ल्यूमेन (युनिकोड आर्ग्युमेंट घेणारे मेन) घ्यावे, किंवा विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून मॅनिफेस्ट या प्रोग्रॅमसोबतच्या माहिती-फाइलमध्ये यूटीएफ-८ कोडपेज मागावे.

एकाच गावाच्या पट्ट्या

शेवटची मागणी '--गाव' या पर्यायाची होती: फक्त त्या गावाच्या पट्ट्या काढायच्या. स्ट्रकंप या बाइट जुळवणाऱ्या फंक्शनने तुलना केली आणि रावेर, यावल, सावदा लगेच चालले. '--गाव बऱ्हाणपूर' दिले की एकही ओळ जुळेना, फाइलमध्ये नाव समोर दिसत असताना. हेक्सडंप (बाइटची यादी) काढल्यावर दिसले की कमांड लाइनवरचा शब्द २७ बाइटचा आहे आणि फाइलमधला ३०. एका कीबोर्डने 'ऱ्ह' लिहिताना नुक्त्याचा ऱ आणि हलन्त वापरला होता, दुसऱ्याने साधा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही एकसारखे. युनिकोडचे नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करणे) लावूनही हे दोन एक होत नाहीत, कारण ते जॉइनरला हात लावत नाही.

तुलनेआधी 'र, हलन्त, जॉइनर' या तिकडीच्या जागी 'ऱ, हलन्त' ठेवणारे फंक्शन लिहिता आले असते, पण लोक 'बुरहानपूर' आणि 'बऱ्हानपूर'ही लिहितात. पेढीच्या वहीत प्रत्येक गावाला आधीपासून क्रमांक होता. पर्यायाचे नाव '--गावक्रमांक' केले, भुईकाट्याच्या फाइलमध्ये क्रमांकाचा रकाना वाढवला, आणि तो आकडाही भावासारखाच देवनागरी अंक बदलून, स्ट्रटोएलएलमधून, चारही तपासण्या करून घेतला जातो.